जवळच आहे, मॅडम

आमच्या जळकोटात वाटसरूला कुणी खरं अंतर सांगत नाही. खोटं बोलायची हौस म्हणून नव्हे, खरं सांगणं जरा निष्ठुरपणाचं वाटतं म्हणून. नवरात्र संपत आलं की कर्नाटकातली माणसं हायवेच्या कडेनं तुळजापूरला चालत निघतात. आई तेव्हा रस्त्यालगत पाण्याचा जार आणि दोन स्टीलचे पेले घेऊन बसते. पायांना चिंध्या गुंडाळलेला एखादा म्हातारा पाणी पिऊन कानडीत विचारतो, "एष्टु दूर?" आई हात लांब करून म्हणते, "इल्ले, इल्ले. हितंच. आलंच की आता." तिथून तुळजापूर एका दिवसात गाठणं तरण्याताठ्यालाही जड जावं. एकदा मी तिला म्हटलं, एवढं धडधडीत खोटं कशाला सांगतेस? ती म्हणाली, "मग काय सांगू? लई लांब हाय म्हणू? हितंच बसंल की गं तो पाय गळून." मला ते पूर्ण पटलं होतं.

बी. ए. झाल्यावर मी उमरग्याला एका दवाखान्यात रिसेप्शनवर लागले. तिथं ही विद्या भलतीच उपयोगी पडली. सकाळी नऊपासून बाकं भरलेली असायची आणि डॉक्टर अजून घरी दाढी करत असायचे. मी सांगायची, "निघालेत, पोचतीलच." एकाच वेळी चौघांना "आता तुमचाच नंबर" म्हणायची आणि चौघंही शांत बसायचे. माझ्या तीन वर्षांत त्या दवाखान्यात एकदाही आरडाओरडा झाला नाही, आणि डॉक्टर सगळ्यांना सांगत, या मुलीला माणसं सांभाळता येतात. मलाही तसंच वाटायचं.

तरी ती नोकरी मी सोडली. घरच्यांना मी कारण दिलं, पुढं वाव नाही. खरं कारण वेगळं होतं. हायवेवरच्या एका धाब्यासमोर मी एकदा परदेशी पाहुण्यांची बस थांबलेली पाहिली होती. ड्रायव्हरशेजारी माझ्याच वयाची एक मुलगी हातात माइक घेऊन बोलत होती आणि पिकल्या केसांची वीसेक माणसं तिच्याकडं बघत होती. दवाखान्यात माझ्याकडं बघणारी माणसं फक्त आपला नंबर कधी येतो ते बघायची. मला त्या माइकपाशी बसायचं होतं. एवढंच.

उमरग्यातच एका टायरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर क्लास होता. पर्यटनासाठी इंग्रजी संभाषण, सहा महिने. शिकवणारे सर आयुष्यभर जहाजांवरच्या आणि आखातातल्या हॉटेलांत काम करून गावी परतलेले. आम्ही सहा जण होतो. मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी नमस्कार-चमत्कार शिकवतील. सरांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, इथून एसटी स्टँड किती लांब आहे? इंग्रजीत सांगा. पहिला म्हणाला, जवळच आहे सर. दुसरा म्हणाला, फार जवळ आहे सर. मी म्हटलं, अगदी इथंच आहे सर, आणि वर हसूनही दाखवलं. सरांनी डस्टर टेबलावर आपटलं. "तुम्हा सहा जणांत एकालाही स्टँड कुठंय ते माहीत नाही," म्हणाले आणि सगळ्यांना खाली पिटाळलं. पावलं मोजत जायचं, घड्याळ लावून यायचं.

उन्हात, ट्रकांच्या हॉर्नमध्ये, ओठ हलवत आम्ही सहा जण एकामागं एक निघालो. टायरवाला हातातली पंक्चरची ट्यूब तशीच धरून म्हणाला, "काय हारवलंय का रं?" परत आलो तेव्हा सहा जणांचे सहा आकडे होते. सर म्हणाले, चालेल, सहाही आकडे 'जवळच आहे'पेक्षा बरे. मग त्यांनी एक वाक्य वहीत उतरवून घेतलं. पाहुणा अंतर विचारतो तेव्हा तो धीर मागत नसतो, आकडा मागत असतो. मी ते लाल शाईनं अधोरेखित केलं. परीक्षेतही ते आलं आणि मला पैकीच्या पैकी मिळाले.

बाकीचं इंग्रजी आम्ही धाब्यावर शिकलो. उमरग्यात परदेशी माणूस कुठून आणणार? पण हैदराबादच्या गाड्या तिथं थांबतात, आणि तमिळनाडूचे ट्रकवाले असतात, ज्यांना हिंदी येत नाही. त्यांचं इंग्रजी आणि आमचं इंग्रजी एकाच मापाचं होतं. त्यामुळं कुणी कुणाला हसत नसे. एका ट्रकवाल्यानं मला जेवता जेवता त्याच्या मुलीच्या लग्नाची सगळी हकिकत सांगितली आणि मी ती समजून योग्य जागी "काँग्रॅच्युलेशन्स" म्हटलं. त्या दिवशी मी घरी जाताना एसटीत उगीच खिडकीकडं बघून हसत होते.

हैदराबादच्या एका सहल कंपनीनं मला घेतलं ते उमेदवारीवर. तीन सहली करायच्या. प्रत्येक सहलीच्या शेवटी पाहुणे छापील फॉर्म भरतात, ते कंपनीचे मॅनेजर वाचतात आणि मग ठरतं. पहिल्या दोन सहलींचे फॉर्म बेताचे आले. वाईट नाही, पण कुणी चार शब्द लिहावेत असंही नाही. मॅनेजरनं स्वच्छ सांगितलं, तिसऱ्या सहलीवर तुमचं राहणं की जाणं. जाणं म्हणजे कुठं? दवाखान्यात माझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसली होती आणि तीही "पोचतीलच" म्हणायला शिकली होती. वडील तर गावात सांगून बसले होते, पोरगी आता परदेशी लोकांना आपला मुलूख दाखवती.

तिसऱ्या सहलीत सहा जण होते, सगळे साठीच्या पुढचे. बिदर, नळदुर्ग, सोलापूर, विजापूर असा रस्ता. त्यातल्या एक बाई हॉलंडच्या, ऐंशीला टेकलेल्या, उंच, हातात घडीची काठी. त्यांनी आपल्या देशात सगळी नोकरी धरणं आणि बांध तपासण्यात काढली होती. बिदरला जातानाच त्यांनी मला सांगितलं, बाकी सगळं तुमच्या कार्यक्रमात आहे म्हणून बघेन, मी आले आहे ती नळदुर्गच्या पाणीमहालासाठी. बांधाच्या भिंतीच्या पोटात चारशे वर्षांपूर्वी माणसांनी बसायला महाल बांधला आणि वरून पाणी सोडलं, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं आणि त्यांचा त्यावर विश्वास बसत नव्हता. "मला आत उभं राहायचंय," म्हणाल्या.

बिदरच्या किल्ल्यात त्या प्रत्येक ठिकाणी किती पावलं, किती पायऱ्या असं विचारायच्या आणि निम्म्या ठिकाणी खालीच सावलीत बसायच्या. मला वाटलं, कंटाळल्या असतील. वय झालं की माणूस बसतोच, असा मी सरळ हिशेब केला. त्या काय करत होत्या ते मला कळलंच नाही.

नळदुर्ग आमच्या जळकोटाशेजारचं, म्हणजे माझं घरचं मैदान. आदल्याच आठवड्यात मी वडिलांना सोबत घेऊन सगळा किल्ला मोजून काढला होता. दारापासून उपळ्या बुरूज, बुरुजाच्या पायऱ्या, तिथून बांध, बांधातल्या अंधाऱ्या पायऱ्या. मी पावलं मोजायची आणि वडील छत्री घेऊन मागून यायचे. मध्येच कुणी ओळखीचं भेटलं की ते बोलायला लागायचे, मग माझा आकडा चुकायचा आणि आम्ही पुन्हा मागं जायचो. ते सगळे आकडे माझ्या वहीत होते आणि वही माझ्या पर्समध्ये होती.

आत गेल्यावर बाकीच्यांचं ठरलं, ऊन चढायच्या आत बुरूज उरकून घेऊ, पाणी मग बघू. हॉलंडच्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, बुरूज किती लांब? वर चढायला पायऱ्या किती? आणि तिथून बांध किती? प्रश्न असे सुटे सुटे, सोपे, क्लासमध्ये विचारतात तसे. पण त्यांचं तोंड लाल झालं होतं, कपाळावर घाम होता आणि त्या सकाळपासून गप्प होत्या. मला त्यांची दया आली. पर्सकडं हातच गेला नाही. मी म्हटलं, "व्हेरी निअर, मॅडम. जस्ट हिअर. कम, कम, स्लोली." आमचा हैदराबादचा ड्रायव्हर पाण्याच्या बाटल्या घेऊन मागंच होता. तोही म्हणाला, "हौ अम्मा, नजदीकइच है." त्यांना त्याचं बोलणं कळलं नाही, पण त्या आमच्या दोघांकडं बघून हसल्या आणि निघाल्या. बोलताना मला माझाच आवाज ओळखीचा वाटला होता. दवाखान्यातला आवाज होता तो.

उपळ्या बुरूज किल्ल्यात कुठूनही दिसतो, म्हणून जवळ वाटतो. वाट दगडाची, मध्ये गवत माजलेलं. त्या काठी टेकत चालल्या आणि मी शेजारून "आलंच, मॅडम" चालू ठेवलं. बुरुजाच्या पायऱ्या उंच आहेत, आपल्यालाही मांडीवर हात टेकावा लागतो. निम्म्यात त्यांचा गुडघा धरला. त्या पायरीवर बसल्या. बाकीचे पाच जण बाजूनं वर गेले. मी तरीही म्हटलं, आता दहाच राहिल्या. दहा नव्हत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि विचारलं, "तुला माहीत होतं?"

मी हो म्हटलं. वहीचंही सांगितलं. कशाला सांगितलं कोण जाणे.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं, रागावलेल्या माणसाला गप्प करायची मला सवय होती. त्या सावकाश, मला समजेल अशा सोप्या इंग्रजीत बोलल्या. माझ्या गुडघ्यात दिवसाची ठरावीक पावलं आहेत, म्हणाल्या. सकाळी उठले की ती किती आहेत ते मला कळतं. ती कुठं वापरायची ते मी ठरवते, म्हणून मी विचारते. आज ती मी बांधासाठी ठेवली होती. तू ती इथं वापरून टाकलीस.

त्यावर मी "सॉरी मॅडम" म्हटलं. क्लासमध्ये सॉरी म्हणायच्या पाच पद्धती शिकवल्या होत्या, त्यातली एकही आठवली नाही.

त्या उलट्या तोंडानं, माझ्या खांद्यावर हात ठेवून, एकेक पायरी उतरल्या. खाली लिंबाच्या सावलीत एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, आता वही काढ. मी काढली. बांधापर्यंतची पावलं वाचली. आत उतरायच्या पायऱ्या वाचल्या. त्या अंधाऱ्या आहेत, धरायला काही नाही, ओल आहे, हेही सांगितलं. परत येताना सगळी चढण, तेही सांगितलं. प्रत्येक आकड्याला त्या मान हलवत होत्या, आणि मला मनातून वाटत होतं की मी चुकून मोठा आकडा मोजला असेल तर बरं. मग त्या म्हणाल्या, "देन नो."

गाडी तिथवर जात नव्हती. मी म्हटलं, खुर्ची आणते, चौघं मिळून उचलून नेऊ, आमच्याकडं म्हाताऱ्या माणसांना असंच नेतात. त्या पहिल्यांदा जरा कडक बोलल्या. आजवर एकही बांध मी दुसऱ्याच्या खांद्यावर बसून तपासला नाही, म्हणाल्या. तू बाकीच्यांना घेऊन जा.

मी गेले. पावसाळा नुकताच सरला होता, दोन्ही सांडव्यांवरून पाणी धो धो पडत होतं आणि आत महालाच्या खिडकीतून समोर पाण्याचा पडदा दिसत होता. पाच जण लहान पोरांसारखे ओरडत होते, तुषार अंगावर घेत होते. मी माझं पाठ केलेलं बोलले. कुठला सुलतान, कुठली बेगम, पाण्याची गंमत कशी बघायचे. सगळं न अडखळता बोलले. एकानं टाळ्याही वाजवल्या. मला तेव्हा पाण्याच्या आवाजाचा नुसता राग येत होता.

परत आले तेव्हा त्या त्याच दगडावर होत्या. कसं होतं, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, आतली भिंत कोरडी आहे की ओली? छतातून गळतं का? खिडकी किती रुंद आहे? पाणी भिंतीला लागून पडतं की सुटून? मला यातलं काही सांगता येईना. मला बेगम माहीत होती, भिंत माहीत नव्हती. मग त्यांनीच काठीनं लांबून दाखवत मला समजावलं, बांध सरळ न बांधता असा का बांधला असावा आणि पाण्याचा जोर कुठं जातो. दहा मिनिटं बोलत होत्या. आज मी पाहुण्यांना ते सगळं सांगते, जसं काही माझंच असावं, आणि त्यांना ते बेगमेपेक्षा जास्त आवडतं.

पुढं विजापूरचे दोन दिवस त्या माझ्याशी अगदी नीट वागल्या. सकाळी गुड मॉर्निंग, चहाला थँक यू. फक्त अंतर त्यांनी मला परत विचारलं नाही. बसमधून उतरलं की त्या फोन काढायच्या, नकाशा बघायच्या, बोटानं मोठा करून बघायच्या आणि मग जायचं की बसायचं ते ठरवायच्या. मी दोन पावलांवर वही उघडून उभी असायची. एवढं अपमानास्पद मला आयुष्यात काही वाटलेलं नाही, आणि त्यात त्यांची काही चूकही नव्हती.

शेवटच्या दिवशी नाश्त्याच्या वेळी मी फॉर्म वाटले. त्यांचा फॉर्म कसा येणार हे मला माहीत होतं. हैदराबादहून परत उमरग्याची गाडी, मग आईसमोर काय सांगायचं, इथपर्यंत माझी तयारी झाली होती. कुणी पाकिटात घालून देत नाही, उघडाच कागद हातात येतो. मी गठ्ठा घेऊन लिफ्टपाशी गेले आणि त्यांचा फॉर्म वर काढला. मार्गदर्शकानं योग्य माहिती दिली का? हो. तुम्ही जे बघायला आलात ते तुम्हाला बघायला मिळालं का? हो. दोन्हीकडं पेनची ठळक खूण. खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, मुलगी अतिशय प्रेमळ आणि मदतीला तत्पर, सर्व काही सुंदर होतं.

अशा वेळी शरमेनं मान खाली गेली असं लिहायची पद्धत आहे. माझी गेली नाही. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. शरम वाटली ती अर्ध्या तासानं, बसमध्ये सामान मोजताना, आणि मग ती काही हटेना. त्या खिडकीशी बसल्या होत्या. जाऊन म्हणता आलं असतं, मॅडम, हे खरं नाही. मी सामानच मोजत राहिले. हैदराबादला निरोप घेताना त्यांनी हात मिळवला, गुड लक म्हणाल्या आणि काठी टेकत विमानतळात गेल्या.

फोनवर आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग झालं की. बाई लई भली हाय गं." मी तिच्यावर चिडले. ती विचारत राहिली, अगं, पण झालं काय?

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं मला आत बोलावलं. सहाही फॉर्म त्यांच्यापुढं होते. त्यांनी हॉलंडच्या बाईंचा फॉर्म उचलला, शेवटची ओळ मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, या वयाच्या बाईंना नळदुर्ग दाखवणं काही सोपं नाही, बघून आल्या ना सगळं, खूश होत्या ना? टेबलावर माझं कायम केल्याचं पत्र तयार होतं. फक्त सही व्हायची होती.

तोवर मी प्रत्येक इंग्रजी वाक्य आधी मनात मराठीत जुळवायची, मग बोलायची. हे वाक्य जुळवावं लागलं नाही.

"येस सर," मी म्हटलं, "व्हेरी हॅपी."